चार नंबर प्रेससमोरची वाट

१

चिंचवड स्टेशनाच्या पलीकडे, जिथं चार वर्षांमागं ज्वारीची रानं होती, तिथं पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना उभा राहिला होता. रॉकेलचे डबे, गोडेतेलाचे डबे, बिस्किटांचे डबे. एकच लांबलचक शेड, खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचे पन्हाळी पत्रे. एका अंगाला ओळीनं पत्रा साच्यात दाबणारे सात प्रेस, दुसऱ्या अंगाला कोऱ्या पत्र्यांच्या चळती, आणि मधून माणसांना आणि हातगाड्याला जायला सहा फुटांची वाट. १९५८ साली ज्योतीराम इथं वायरमन म्हणून लागला.

ज्योतीराम कोरेगावकडचा. अडतिशीचा, सडपातळ, बेताचं बोलणारा. सकाळी आल्याबरोबर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायची, सैल स्क्रू पिळायचे, उघडे जोड टेपनं गुंडाळायचे, मग चहा घ्यायचा, हा त्याचा नेम. विजेला थट्टा कळत नाही, असं तो म्हणे.

पहिल्याच फेरीत त्याला चार नंबरची केबल दिसली. हा प्रेस मागाहून आलेला. त्याला वीज समोरच्या भिंतीवरच्या बोर्डातून द्यायची होती, म्हणून कुणीतरी केबल सरळ फरशीवरून, वाट कापून, आडवी ओढली होती. वर गोणपाट, गोणपाटावर फळी. तात्पुरती सोय म्हणून केलेली, तिला आता दोन वर्षं झाली होती. प्रेस चालवणाऱ्या मारुतरावांच्या अंगठ्याचं नख तिथं दोनदा निघालं होतं. केबलचं रबर गाड्याच्या चाकाखाली चेपून चिरलं होतं आणि पावसाळ्यात फरशीला ओल धरली की तिथून जाताना पायाला झिणझिण्या येत.

मग सरकारी इन्स्पेक्टर आले. ते स्वतःच त्या फळीला अडखळले. त्यांनी शेरा मारला: वाट मोकळी करावी, उघडे जोड बंद करावेत, अर्थिंग तपासून आठ दिवसांत लेखी कळवावं.

"ज्योतीराम, आठ दिवसांत आटपलं पाहिजे," फोरमन हिंदुराव म्हणाले. "आणि प्रेस बंद ठेवायचा नाही."

ज्योतीरामनं सहा दिवसांत आटपलं. केबल नवी घेतली, बोर्डापासून भिंतीनं वर नेली, छपराच्या लोखंडी कैचीवरून पलीकडे उतरवली आणि लोखंडी नळीतून प्रेसपर्यंत आणली. राहिलं अर्थिंग. भिंतीबाहेर तांब्याची तार जमिनीत शिरत होती. ती त्यानं दोन हातांनी ओढून पाहिली. घट्ट होती. हिंदुराव कागद घेऊन शेजारी उभेच होते. 'अर्थिंग तपासले, ठीक आहे,' असं लिहून ज्योतीरामनं खाली सही केली.

२

सोमवारी वाट आरशासारखी सपाट आणि मोकळी होती. ज्योतीराम बोर्डापाशी उभा राहून माणसांची ये-जा पाहत होता. आपलं काम झाल्यावर ते वापरात आलेलं पाहणं त्याला आवडे.

मारुतराव आले. बोर्डासमोर पोचताच त्यांनी उजवा पाय उचलला, पलीकडे टाकला आणि चालू लागले. त्यांच्यामागं पत्र्यांचा गठ्ठा घेतलेले दोघे आले. त्यांनीही पाय उचलला. मग गाडा आला. गाड्याची चाकं सपाट फरशीवरून बिनबोभाट गेली, पण गाडा ढकलणाऱ्यानं पाय उचलूनच टाकला.

"अहो मारुतराव, केबल गेली की वर," ज्योतीराम हसून म्हणाला.

मारुतरावांनी वळून पाहिलं. "अरे हो की!" म्हणाले. "दात पडला तरी जीभ तिथंच जाते, तसं झालं बघ."

हे ज्योतीरामला पटलं. दोन वर्षांची सवय दोन दिवसांत कशी जाईल? आठवडाभर त्यानं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तो मुद्दाम पाहू लागला. तरीही साठ माणसं त्या एका ठिकाणी आल्यावर पाय उचलतच होती.

३

तिसऱ्या आठवड्यात सयाजी कामाला लागला. उस्मानाबादेकडचा, भूम तालुक्यातला. पंचविशीचा गडी, कारखान्याची पायरी पहिल्यांदाच चढलेला. त्याला चार नंबरवर मारुतरावांच्या हाताखाली दिलं. हिंदुराव त्याला शेड दाखवत पुढं चालले होते, सयाजी मागं मान वर करून छताकडे बघत येत होता. त्याचं खाली लक्ष नव्हतंच. बोर्डासमोर आला आणि त्याचा पाय वर उचलला गेला.

ज्योतीरामच्या हातातली पक्कड तशीच राहिली. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सयाजीला गाठलं.

"तू मघाशी तिथं पाय का उचललास?"

"म्या? कुठं ओ?"

"बोर्डासमोर. काही दिसलं का तुला खाली?"

सयाजीनं जागा बघितली, ज्योतीरामकडे बघितलं. आपलं पहिल्याच दिवशी काही चुकलं की काय, अशी भीती त्याच्या तोंडावर आली. "न्हाई ओ. म्या तर सरळच आलो की."

त्या गड्याला केबल ठाऊकच नव्हती. मग पुढच्याचं पाहून मागच्यानं केलं असेल. मेंढरं नाही का करत? ज्योतीरामनं हेही स्वतःला पटवलं. तरी संध्याकाळी त्यानं खिशातून खडू काढला. माणसं जिथून पाय उचलत तिथं एक खूण आणि जिथं टाकत तिथं एक. दोन्हींमधलं अंतर वीतभर भरलं. केबल आणि फळी मिळून होती, तेवढंच.

गुरुवारी अंतर हातभर झालं होतं.

शनिवारी गठ्ठा नेणारे दोघे त्या जागेपाशी थबकत, एकमेकांकडे न बघता टांग टाकत आणि पुढं जात. गाडा तर त्या वाटेनं जातच नव्हता. शेडबाहेरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून जात होता.

"लांबून का नेतोस रे?" ज्योतीरामनं गाडेवाल्याला विचारलं.

"जवळच पडतं," गाडेवाला म्हणाला आणि गेला. लांबची वाट चांगली शंभर पावलं जास्त होती.

४

ज्योतीराम चिंचवड गावठाणात एका खोलीत भाड्यानं राहत होता. दिवसभर विजेत राहणाऱ्या माणसाच्या घरी कंदील होता. दिवेलागणीला तो घरी पोचला तेव्हा बायको शालनबाई भाकरी थापत होती आणि मुलगी विमल दारासमोरच जमिनीवर पालथी पडून पाटीवर काहीतरी गिरवत होती. ज्योतीरामला मोरीकडे जायचं होतं. त्यानं तिला ओलांडलं.

"हे काय!" शालनबाई म्हणाली. "ओलांडलंत पोरीला. परत ओलांडा आधी. वाढ खुंटते."

"काहीतरीच तुझं."

"असू दे माझं. ओलांडा म्हणते ना."

बायकोचं मन राखायला तो वळला. पाय उचलला, विमलवरून पलीकडे टाकला आणि तसाच उभा राहिला. त्याच्या मांडीला ती उंची ओळखीची वाटली. तंगडी किती उचलायची, टाच कशी जपून पलीकडे नेऊन टेकवायची, हे सगळं त्या पायानं आजच केलेलं होतं. आज नव्हे, गेले कित्येक दिवस, सकाळच्या प्रत्येक फेरीत. इतरांचे पाय मोजताना आपला पाय त्यानं कधी बघितलाच नव्हता.

"काय झालं?" शालनबाईनं विचारलं.

"काही नाही. कारखान्यात सगळे ओलांडून जातात."

"कुणाला?"

ज्योतीराम विमलला वळसा घालून मोरीकडे गेला.

"आणि परत उलटं कुणीच ओलांडत नाही?" तिनं सहज विचारलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

५

ज्योतीराम अंगारेधुपारे मानणारा नव्हता. पण जागेची चौकशी करायला काय हरकत, म्हणून तो फाटकावरच्या सोनबाकडे गेला. कारखान्याची जमीन मूळची सोनबाचीच. जमीन विकली आणि तिच्याच फाटकावर तो पहारेकरी म्हणून बसला.

"सोनबा, शेड जिथं आहे तिथं आधी काय होतं?"

"ज्वारी. एका साली हुलगा केला व्हता."

"विहीर? थडगं? कुणी मेलं-बिलं होतं का तिथं?"

सोनबानं तंबाखू मळता मळता विचार केला. "न्हाई बा. माझ्या आज्यापासनं ठावं हाय मला. तिथं कोन कशाला मरंल? सरळ रान व्हतं."

ज्योतीरामला वाटलं होतं, काहीतरी निघेल. एखादी जुनी गोष्ट निघाली असती तर तिला हसता तरी आलं असतं. काहीच निघालं नाही म्हणून त्याला जास्त बेचैन वाटलं.

दुपारी अंबुबाई झाडायला आली. ही आकुर्डीची, साठीला टेकलेली, कमरेत वाकलेली, कामाला चोख. शेडच्या दारापासून ती केर पुढं रेटत आली. बोर्डासमोर आल्यावर तिचा झाडू आपोआप वळला. लांबट वळसा घेत तिनं कडेकडेनं केर काढला आणि पुढं सरकली. मधली जागा धुळीची तशीच राहिली. ज्योतीरामच्या खडूच्या खुणाही तिथं तशाच होत्या. शेडमध्ये दुसरीकडे कुठंही केलेली खूण संध्याकाळपर्यंत पायांनी पुसून जाई. इथली एकही पुसली नव्हती.

"अंबुबाई, मधलं राहिलं की."

"आसू दे," ती मान वर न करता म्हणाली. "निजल्या मानसावरनं केर काढत न्हाईत."

"कोण निजलंय?"

आता तिनं मान वर केली. "कोन निजलंय?" तिनंच विचारलं. "कामाच्या टायमाला कोन निजतंय?"

"तूच म्हणालीस आत्ता."

"मी? काय बी काय बोलतूस, ज्योतीराम! ऊन लागलं का काय तुला?" आणि ती झाडत पुढं गेली.

६

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ज्योतीराम शिडी लावून कैचीवर चढला. वरच्या केबलचा एक क्लॅम्प ढिला झाला होता. प्रेस थांबले होते. शेडमध्ये अशी शांतता रोज अर्धा तासच असे. त्या वेळी पत्रे उन्हानं तडतडताना ऐकू येत. छताच्या काचेतून खाली चांगला उजेड पडला होता.

क्लॅम्प आवळून त्यानं पक्कड खिशात घातली आणि सहज खाली पाहिलं.

दोन आठवडे तो खुणा करत होता. भिंतीकडून जाणारे पाय कुठून उचलतात, मधून जाणारे कुठून, प्रेसच्या कडेनं जाणारे कुठून. जवळून पाहिलं तर नुसत्या खडूच्या रेघोट्या. इतक्या उंचावरून त्या रेघोट्या जुळत होत्या. भिंतीपाशी, बोर्डाच्या खाली, अरुंद. मग एकदम रुंद. मग पुन्हा निमुळत्या होत होत प्रेसपर्यंत. एका अंगाला एक लांबट फाटा बोर्डाच्या दिशेनं गेलेला, कोपरात दुमडल्यासारखा.

पाय प्रेसकडे, डोकं बोर्डाकडे. उताणा.

ज्योतीराम शिडीला धरून राहिला. भीतीपेक्षा आधी त्याच्यातला वायरमन जागा झाला. प्रेसला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला झटका बसला, तर तो कसा पडेल? मागं, उताणा. पाय जागच्या जागी आणि डोकं समोरच्या भिंतीकडे.

पण केबल नवी होती. जोड पक्के होते. प्रेसच्या अंगात वीज उतरली तरी अर्थिंग होतं; वीज जमिनीत जाईल, फ्यूज उडेल, माणूस वाचेल. अर्थिंग तपासलेलं होतं. खाली त्याचीच सही होती.

त्यानं तार दोन हातांनी ओढून पाहिली होती, एवढंच.

तो खाली उतरला तेव्हा सयाजी डबा धुऊन परत येत होता. ओल्या हातांनी, अनवाणी. त्यानं सहज टांग टाकली आणि चार नंबरपाशी जाऊन उभा राहिला.

७

ज्योतीरामनं कुदळ घेतली आणि शेडच्या मागं तार जिथं जमिनीत शिरत होती तिथं खणायला सुरुवात केली. हात दीड हात खाली गेल्यावर एक दगड लागला. तारेचं टोक त्या दगडाला दोन वेढे देऊन बांधलेलं होतं. वीज जमिनीत मुरायला खाली तांब्याची पाटी नाही, कोळसा नाही, मीठ नाही. कुणीतरी ठेकेदारानं तार दगडाला बांधून खड्डा बुजवला होता, म्हणून ती ओढल्यावर घट्ट लागली होती. बांधल्यापासून सगळ्या शेडचं अर्थिंग त्या दगडापाशी संपत होतं.

तो तसाच मातीच्या हातांनी बोर्डाकडे गेला आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. सातही प्रेस एकामागून एक मंदावले आणि थांबले.

हिंदुराव धावत आले. "कुणी बंद केलं?"

"मी."

"डोकं फिरलं काय तुझं? शनिवारी माल जायचाय!"

"अर्थिंग नाहीये, हिंदुराव. एकाही प्रेसला नाही."

"तूच लिहून दिलंस की ठीक आहे म्हणून!"

"खोटं लिहिलं मी," ज्योतीराम म्हणाला. "न खणता लिहिलं. पाहिजे तर कामावरून काढा. पण नवा खड्डा भरल्याशिवाय हा दांडा मी वर करणार नाही."

सगळे जागेवरून बघत होते. हिंदुराव तापट होते, पण बनेल नव्हते. ते मागं जाऊन खड्डा बघून आले, तो दगड त्यांनी पायानं हलवून पाहिला. परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"किती वेळ लागेल?"

"पाटी पुण्याहून आणायची. उद्या संध्याकाळपर्यंत."

"जा मग. उभा काय राहिलास?"

दुसऱ्या दिवशी सहा हात खोल खड्ड्यात तांब्याची पाटी उभी केली, तिच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर घातले, वर पाणी सोडलं. प्रत्येक प्रेसची तार ज्योतीरामनं स्वतः आवळली. नंतर मीटर लावून तीन वेळा तपासलं आणि मगच दांडा वर केला.

८

गुरुवारी सकाळी मारुतराव आले आणि बोर्डासमोरून सरळ चालत गेले.

गठ्ठेवाले गेले. सरळ. गाडा परत आतल्या वाटेला आला. खडूच्या खुणा दहा वाजेपर्यंत पायाखाली पुसून गेल्या. ज्योतीराम बोर्डापाशी उभा राहून बघत होता आणि कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली होती.

अंबुबाई झाडत आली. या वेळी तिचा झाडू वळला नाही. मधली धूळ तिनं सरळ पुढं ओढली.

"उठला वाटतं," ती पुटपुटली.

ज्योतीरामनं ऐकलं. 

शनिवारी दुपारी चार नंबरच्या मोटारीची गुंडाळी जळाली. धडाड आवाज झाला, बोर्डातला फ्यूज निळा जाळ मारून उडाला आणि प्रेस बंद पडला. सयाजीचे दोन्ही हात तेव्हा प्रेसच्या अंगावर होते. तो घाबरून दोन पावलं मागं सरला आणि खाली बसला. मारुतरावांनी त्याला पाणी दिलं. त्याच्या हाताला साधा चटकाही नव्हता.

"वाचलास रे," मारुतराव म्हणाले. "ज्योतीरामच्या पाया पड."

सयाजी खरंच पाया पडायला आला. ज्योतीरामनं त्याला उठवलं. त्याला वाटलं, झालं ते एवढंच होतं आणि ते आता टळलं. घरी गेल्यावर त्यानं शालनबाईला सगळं सांगितलं. तिनं देवापुढं साखर ठेवली.

९

सोमवारपासून माणसं वाटेत अंग चोरू लागली.

समोरून हातात काही घेऊन कुणी येत असला की आपण जसे थोडे तिरके होतो, खांदा मागं घेतो, तसं. पण समोर कुणी नसे. मारुतराव एकदा शेडच्या मध्यावर भिंतीला लागून उभे राहिले, दोन श्वास थांबले आणि मग पुढं गेले. पाच नंबरपाशी गाडेवाल्यानं गाडा थांबवला, जणू वाट द्यायला, आणि मग ढकलला. सयाजीही अंग चोरत होता. तेव्हा ज्योतीरामच्या मनातला एक तर्क गळाला. वाटेत उताणा पडला होता तो पुढं मरणारा सयाजीच, असं त्याला वाटलं होतं; पण जो उठला होता तो सयाजी नव्हता.

आधी ते एका जागी होतं. आता जागा ठरलेली नव्हती. सकाळी दाराशी, दुपारी सहा नंबरपाशी. ज्योतीराम फेरी मारताना माणसांच्या खांद्यांकडे बघे आणि त्यावरून कळे, आत्ता कुठपर्यंत आलंय. बहुतेक वेळा ते सयाजीच्या आसपास असे.

कुणाशी बोलावं? मारुतरावांना विचारलं तर ते म्हणाले, "अंग चोरतो? मी? वाट अरुंद आहे बाबा." वाट सहा फुटांची होती.

१०

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास चार नंबरच्या साच्यात पत्रा अडकला. नवी मोटार दोन दिवसांमागंच बसवली होती. हिंदुरावांनी हाक मारली, "ज्योतीराम, बंद कर जरा चार नंबर."

दोन मिनिटांचं काम. ज्योतीरामनं चार नंबरच्या स्विचचा दांडा खाली ओढला आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला. सयाजीनं प्रेसच्या वरच्या आणि खालच्या साच्यांमध्ये दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि अडकलेला पत्रा सोडवू लागला. मारुतराव त्याला बाजूनं सांगत होते. बाकीचे प्रेस चालू होते, शेड धडधडत होती.

वाटेच्या पलीकडच्या टोकाला दोघे जण गठ्ठा घेऊन येत होते. ते एकाएकी भिंतीला लागले. मग त्यांच्या अलीकडचा, यंत्रांना तेल घालणारा ऑइलमन बाजूला झाला. मग हिंदुराव. हातात कागद होता, त्यात बघत बघतच ते पाऊलभर मागं सरले. एकेक माणूस वाट देत होता आणि ते वाट देणं ज्योतीरामच्या दिशेनं येत होतं.

"ज्योतीराम," मारुतराव प्रेसपाशी उभ्या उभ्या म्हणाले. रोज सांगावं तसं, साध्या आवाजात. "जरा सरक. त्याला बोर्डाशी येऊ दे."

ज्योतीराम सरकला नाही. सरकायला त्याचं अंग आपोआप वळलं होतं, खांदा मागं गेला होता. हात तेवढा दांड्यावर राहिला.

बोर्डाच्या शेजारीच कोऱ्या पत्र्यांची चळत होती. नवा पत्रा, त्यात माणसाचं तोंड दिसत नाही, पण रंग उमटतो. ज्योतीरामला त्यात आपला खाकी सदरा अंधूक दिसला. सदऱ्याच्या पुढं, त्याच्या आणि वाटेच्या मधोमध, आणखी एक लांबट करडा डाग होता. तो वर खाली होत नव्हता, हलत नव्हता. कुणीतरी अगदी जवळ येऊन, आपला हात कधी निघतो याची वाट बघत उभं राहावं, तसा तो होता.

मग दांडा वर ढकलला जाऊ लागला.

झटका नव्हता. हळू, शांत जोर होता, जसा एखादा ओळखीचा माणूस आपला हात बाजूला करून स्वतः काम करायला बघतो. ज्योतीरामनं दुसरा हात लावला. दांडा अंगठाभर वर आला. त्यानं सगळं अंग त्यावर टाकलं. तळहाताची साल निघाली ते त्याला नंतर कळलं.

"सयाजी!" तो ओरडला. "हात काढ! हात काढ आधी!"

सयाजीनं दचकून दोन्ही हात बाहेर ओढले. एका कोपराला पत्रा लागून रक्त आलं. "काय झालं ओ?"

दांड्यावरचा जोर गेला. चळतीत नुसता खाकी रंग राहिला. पलीकडे हिंदुरावांनी कागदातून मान वर केली आणि आपण भिंतीशी का उभे आहोत हे न कळून ते वाटेच्या मध्यावर आले.

"कशाला ओरडलास रे?" मारुतरावांनी विचारलं.

"काही नाही," ज्योतीराम म्हणाला. "स्विच ढिला वाटला."

त्यानं त्याच दिवशी स्विच उघडला. तो ढिला नव्हता.

ज्योतीराम त्या कारखान्यात पुढं अकरा वर्षं होता. या अकरा वर्षांत तिथं कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही. सयाजीचं लग्न झालं, तो प्रेसचालक झाला. ज्योतीरामनं त्या बुधवारनंतर एक शिस्त घालून घेतली आणि कुणी कितीही घाई केली तरी ती मोडली नाही. प्रेसमध्ये कुणाचा हात जायचा असला, की तो नुसता दांडा ओढून थांबत नसे. स्विच उघडून तिन्ही फ्यूज बाहेर काढी, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवी, आणि तो माणूस बाहेर येईपर्यंत बोर्डाला पाठ लावून, तोंड वाटेकडे करून उभा राही. नवे लोक त्याला फार जपून वागणारा म्हणत. हिंदुराव त्याचं उदाहरण देत.

तो तसा उभा असताना माणसांची ये-जा चालूच असे. मात्र जाणारा प्रत्येक जण त्याच्या समोरची दोन हात जागा सोडून, किंचित अंग चोरून जाई.